ओगोमाच्या धावपट्टीवरचा रिकामा खांब

१

अपघातातून वैमानिक वाचला, की त्याला मारायचं काम लोक हाती घेतात, असं कोहू वागी नेहमी म्हणायचा. ओगोमात मात्र वैमानिकाने ते काम स्वतःच उरकून टाकलं होतं.

अठरा दिवसांपूर्वी सकाळी ओगोमाहून सुटलेलं सहा आसनी विमान पट्टीच्या खालच्या टोकाला झाडांत घुसलं. चालवत होता सेलियो, याच गावचा मुलगा आणि या सगळ्या खोऱ्यातला पहिला वैमानिक. त्याचा पाय दोन जागी मोडला. शेजारी त्याचा बाप गासी बसला होता. मोतीबिंदू काढायला म्हणून म्हातारा पहिल्यांदाच मुलाच्या विमानात चढला होता, तो जागच्या जागी गेला. मागे फक्त व्हॅनिलाच्या शेंगांची पोती होती. दवाखान्यात शुद्धीवर आल्या आल्या सेलियोने कागद मागवला आणि लिहून दिलं: उड्डाणाआधी फ्लॅप उतरवायला विसरलो, चूक सर्वस्वी माझी आहे.

राजधानीतल्या साहेबलोकांना यापेक्षा सोयीचा कागद मिळाला नसता. सेलियोचा परवाना रद्द करायचा आणि फाइल बांधून टाकायची, एवढंच काय ते उरलं होतं. मोडकं विमान एकदा बघून ये, म्हणून त्यांनी कोहूला पाठवलं. कोहू पन्नाशीचा, पोट सुटलेला, मूळचा मेकॅनिक. वीस वर्षं त्याने विमानं उघडली आणि जोडली, आता पडलेल्या विमानांची कारणं शोधायचा. उडायला मात्र तो लहान मुलासारखा घाबरायचा. हेलिकॉप्टरमधून उतरल्यावर त्याने आधी पाय जमिनीवर घट्ट रोवले, सुपारी तोंडात टाकली, चुना चाटला आणि मग आजूबाजूला पाहिलं.

पट्टी उताराची होती. वरच्या टोकाला गाव, खालच्या टोकाला दरी. विमानं खालून येऊन चढावर उतरायची आणि वरून उतारावर धावत उडायची, उलटं करायची सोय नव्हती. कोहू धापा टाकत खाली गेला आणि झाडांत अडकलेल्या पंखाखाली आडवा झाला. फ्लॅप म्हणजे पंखाची मागची कडा. ती खाली केली, की विमान थोडक्या धावेत हवेत उठतं. ती कडा ढकलणारा आट्यांचा एक दांडा असतो, आणि विमान आपटून वीज गेली, की तो जिथल्या तिथे थांबतो. कोहूने दांडा मोजला. मग चष्मा पुसून पुन्हा मोजला.

फ्लॅप जेवढे उतरवायला हवे होते, तेवढे नेमके उतरवलेले होते. सेलियो काहीही विसरला नव्हता.

ज्या चुकीने स्वतःचा बाप मेला, ती न केलेली चूक माणूस अंगावर का घेईल, याचा विचार करत कोहू पट्टी चढू लागला. अर्ध्या वाटेत तो थबकला. तिथे वाऱ्याची पिशवी लावायचा खांब होता. ही पिशवी किती फुगली, कुठे वळली, ते बघून वैमानिक वारा जोखतात. खांब सरळ उभा होता, वरचं कडंही शाबूत होतं. पिशवी मात्र नव्हती.

२

तामो हा गावचा वायरलेसवाला. रोज सकाळी पट्टीची खबर कंपनीला कळवायची, हे त्याचं काम. पिशवीचं विचारलं, तर अपघातानंतर दोन दिवसांनी वादळ झालं आणि त्यात ती उडाली, असं तो म्हणाला. त्या सकाळी वारा कसा होता? शांत होता, पिशवी नुसती लोंबत होती. त्याने स्वतः पाहिलं होतं आणि तसंच कळवलं होतं. हे सांगताना तो वायरलेसचं बटण उगाचच पुसत होता.

त्याच्या झोपडीबाहेरच्या ओंडक्यावर कुबड्या टेकून सेलियो बसला होता. बापाचं शोकघर समोरच होतं, तिथून बायकांचं रडणं ऐकू येत होतं. शोकघरात सगळं खोरं येऊन बसतं, लांबचे सोयरे दोन-दोन दिवस चालून येतात. पोटचा मुलगा मात्र बाहेर ओंडक्यावर होता. आईने त्याला उंबरा ओलांडू दिला नव्हता. ती त्याच्याशी बोलतही नव्हती.

"कॅप्टन, तुमचे फ्लॅप उतरलेले होते," कोहू म्हणाला.

सेलियोने वर पाहिलं नाही. "मी लिहून दिलंय, साहेब. तेच धरून चाला."

चौकशीच्या धंद्यात कोहूला हजार खोटारडे भेटले होते. सगळे आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालायला बघायचे. हा पहिलाच उलटा गडी होता, आणि त्याचा कोहूला रागही येईना.

गावाचा संशय होता दुकानदार इगाबेवर. पोती त्याची, वजनकाटाही त्याचाच. त्याने जास्तीचं पोतं घुसवलं आणि सेलियो बिचारा आपल्या माणसाला वाचवतोय, असं शेंगा निवडणाऱ्या बायकांनी कोहूला चार वेळा सांगितलं. इगाबेचं घर आणि दुकान पट्टीच्या खालच्या टोकाला होतं. विमानातून काढलेली पोती त्याने तशीच रचून ठेवली होती. कोहूने स्वतःच्या काट्यावर एकेक पोतं चढवलं. वजन कागदावरच्या आकड्यापेक्षा दोन किलो कमीच भरलं.

"काही झालं की गाव मलाच धरतं," इगाबे म्हणाला. "माझं तोंडच चोरासारखं आहे, त्याला मी काय करू?"

कोहूला हसू आलं. इंजिनाचाही दोष नव्हता. पंख्याची पाती ज्या तऱ्हेने वळली होती, त्यावरून ते शेवटपर्यंत जोरात चालू होतं. मग विमान उठलं का नाही? त्या सकाळी तुम्ही काय पाहिलंत, असं त्याने इगाबेला विचारलं.

"मी कुठे काय बघतोय? मी माझ्या ताडपत्रीमागे धावत होतो."

"ताडपत्रीमागे?"

"छपरावरची. अशी उडाली, की थेट दरीत. नदीच्या वरपर्यंत मला ती दिसत होती. तेवढ्यात मागून विमान आलं. डोक्यावरून जायला हवं होतं, ते बाजूने गेलं."

ताडपत्री उचलून दरीकडे नेणारा वारा म्हणजे विमानाला पाठीमागून ढकलणारा वारा. पाठीवर एवढा वारा घेऊन उतारावर धावलं, तर चाकं नुसती पळत राहतात, पंख हवा धरत नाहीत. शिकाऊ पोरसुद्धा अशा वाऱ्यात विमान सुरू करणार नाही.

तामो म्हणत होता, वारा शांत होता. इगाबे म्हणत होता, ताडपत्री उडाली. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता, निदान कोहूला त्या घटकेला तसं वाटलं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी कोहू शोकघरात गेला. भाजलेली रताळी घेऊन गेला, रिकाम्या हाताने जायची रीत नाही. सेलियोची आई योवाले अंगाला राखाडी माती फासून मधोमध बसली होती. लहानखुरी बाई, पण हात कामाने दोरखंडासारखे झालेले. कोहू तिच्याजवळ मांडी घालून बसला. तीच आधी बोलली.

"माझ्या मुलाला शिक्षा द्यायला आलात ना? द्या. बाप शेजारी बसला असताना त्याचं लक्ष कुठे होतं, ते विचारा त्याला. दोन कोस चालून मी त्याला शाळेत पोचवलाय, खांद्यावर. विसरायला शिकवलं नव्हतं मी."

विषय बदलायचा म्हणून कोहू म्हणाला, की गावावर फारच आपत्ती आल्या, वादळाने वाऱ्याची पिशवीसुद्धा नेली.

योवालेने झटकन मान वर केली. "कोण म्हणतं वादळाने नेली?"

"तामो."

"तामोला म्हणावं, थापा मारायला दुसरीकडे जा. ती पिशवी मी शिवली होती. चोरली कुणीतरी."

मग तिने सगळं सांगितलं, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर दुःखाखेरीज काहीतरी उमटलं. कंपनीने दिलेली जुनी पिशवी चिंध्या होऊन गेली होती. नवी पाठवा, म्हणून तामोने तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. सेलियो एकदा जेवताना म्हणाला, की चिंध्यांवरून वारा कळत नाही. तेव्हा योवालेने शिवायला घेतली. या रानात कुठलंही कापड सहा महिन्यांत कुजतं, आणि दिलेली वस्तू फाटली, की देणारीची मान खाली जाते. म्हणून तिने दुहेरी शिवली. बाहेरून लाल कापड, आतून तंबूचं जाड कापड, कडेला झाडाच्या सालीची सुतळी वळून तीनदा टाके घातले, जसं इथल्या बायका पोराला झोपवायची पिशवी विणतात. मुलाला वरून लांबून दिसावी, म्हणून रंग लाल.

"अपघाताच्या चार दिवस आधी बांधली," ती म्हणाली. "माणूस लटकला असता तिला, तरी उसवली नसती. वारा काय नेतोय तिला?"

कोहूच्या तोंडातली सुपारी एकाएकी कडू झाली. त्याने हळूच विचारलं, की त्या सकाळी पाऊस होता का. पहाटेपर्यंत कोसळत होता, ती म्हणाली, नंतर उघडला.

"आता पुन्हा शिवेन," योवाले म्हणाली. "दोन तर शिवल्याच होत्या. वालुमेच्या आणि सिरेमुखाच्या बायकांनी मागितल्या, म्हणून पाठवल्या. परवाच बांधल्या म्हणे त्यांनी."

४

कोहू शोकघरातून निघाला तो जवळजवळ पळतच. तामोच्या झोपडीत शिरून त्याने दार ओढून घेतलं.

"पिशवी काढ, तामो. तू जाळलेली नाहीस. योवालेबाईच्या हातची वस्तू जाळायची तुझी छाती नाही."

तामोने बॅटऱ्यांची पेटी सरकवली आणि मागून लाल गुंडाळी बाहेर काढली. तो रडत होता. "झाडाखालून ओढून काढला, तेव्हा पाय लोंबत होता त्याचा," तो म्हणाला. "मी म्हटलं, पाय बघू दे. तो म्हणाला, पाय राहू दे, आधी पिशवी उतरव. आईला कळता कामा नये."

कोहूने पिशवी बादलीत बुडवली आणि खाली इगाबेच्या घरापाशी नेऊन बांबूला बांधली. दुपारचा वारा सुटला होता. इगाबेची नवी ताडपत्री फडफडत होती, दरीकाठची झाडं एका अंगाला वाकली होती. पिशवी खाली तोंड करून लोंबत राहिली. पाण्याने जड झालेलं ते दुहेरी कापड वाऱ्याला दाद देईना.

म्हणजे त्या सकाळच्या वाऱ्याबद्दल खोटं कुणीच बोललं नव्हतं. वरच्या टोकाला जंगलाची भिंत आडवी असल्याने गावात वाऱ्याची झुळूकही लागत नव्हती. तामोने पिशवीकडे पाहिलं आणि वारा शांत आहे असं कळवलं. सेलियोने पिशवीकडे पाहिलं आणि विमान सोडलं. अर्ध्या पट्टीनंतर मागून वारा आला तेव्हा थांबायला जागा उरली नव्हती. इगाबेची ताडपत्री मात्र सुटं प्लास्टिक होती, ती खरं बोलली.

कोहूने आजवर तीसेक अपघातांची कारणं शोधली होती आणि प्रत्येक वेळी कारण सापडलं, की त्याला बरं वाटायचं. आज ते सापडलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं.

तो परत वर आला आणि ओंडक्यावर सेलियोशेजारी बसला. ओली पिशवी त्याने दोघांच्या मध्ये ठेवली. सेलियोने तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"पडल्या पडल्या मला डोक्यावरची झाडं दिसली," तो म्हणाला. "सगळी दरीकडे वाकलेली. आणि पट्टीच्या मधोमध पिशवी, सरळ खाली. मला सगळं कळलं. बाबांचा हात माझ्या हातात होता, साहेब."

"आणि तुम्ही फ्लॅपची गोष्ट रचलीत."

"तिला काय सांगू? तू शिवलेल्या पिशवीने तुझा नवरा मारला? ती एक दिवस जगणार नाही. माझ्यावर रागावून तरी ती जगेल. परवाना गेला तर जाऊ दे. ती बोलली नाही तरी चालेल. तुम्हालाही आई असेलच ना? मग लिहू नका."

फाइल बांधायला कोहूला एका सहीपलीकडे काही लागत नव्हतं, आणि आणखी एक गोष्ट ठाऊक नसती, तर त्याने ती सही केलीही असती.

"सेलियो, अशा आणखी दोन पिशव्या आहेत. वालुमेला आणि सिरेमुखाला. परवा बांधल्यात."

वालुमेची पट्टीही उताराचीच होती, ओगोमापेक्षा आखूड. तामो दारातूनच म्हणाला, की अडलेल्या बाळंतिणीला न्यायला उद्या सकाळी वालुमेला विमान येणार आहे. आणि पाऊस तर रोज पहाटेपर्यंत पडत होता.

५

चार वाजता सगळ्या खोऱ्याचे वायरलेस एकाच वेळी लागतात. एका गावचा निरोप सगळी गावं ऐकतात, आणि तामोचा कर्णा तर शोकघरापर्यंत ऐकू जायचा. चाराला अजून पंधरा मिनिटं होती.

"मी सांगतो," कोहू म्हणाला. "पिशव्या उतरवा, एवढंच. कारण सांगत नाही."

"सरकारी माणसाने कारण न सांगता उतरवा म्हटलं, तर इथे कोण उतरवतो?" सेलियो म्हणाला. "आणि कारण सांगितलं तर ती कर्ण्यातून ऐकेल. तसं नको."

त्याने कुबड्या घेतल्या आणि शोकघराकडे निघाला. उंबऱ्याशी तो थांबला. योवालेने तोंड फिरवलं.

"आई, मी आत येत नाही," तो म्हणाला. "इथूनच सांगतो. मी फ्लॅप विसरलो नव्हतो. मी खोटं बोललो."

आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून त्याने तिला सगळं सांगितलं. ओल्या कापडाचं, वाऱ्याचं, झाडांचं. काही लपवलं नाही आणि काही वाढवलंही नाही. कोहू मागे उभा होता. मध्येच तो म्हणाला, की तीन पत्रं लिहूनही ज्यांनी चार हात कापड पाठवलं नाही, अपघाताचं कारण ते आहेत, आणि आपण तसंच लिहिणार आहोत, मग फाइल बांधणाऱ्यांना आवडो न आवडो. योवालेने ते ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. ती आपल्या हातांकडे बघत होती.

तिने एकच प्रश्न विचारला.

"उद्या वालुमेला किती जण चढतील?"

"बाळंतीण, तिची सासू आणि वैमानिक," सेलियो म्हणाला.

योवाले उठली. एकोणीस दिवसांत ती आपणहून शोकघराबाहेर पडली नव्हती. मुलाच्या शेजारून ती सरळ तामोच्या झोपडीत गेली आणि हात पुढे केला. तामोने बोलायचा डबा तिच्या हातात ठेवला, बटण कुठे दाबायचं ते दाखवलं.

"मी योवाले बोलतेय, ओगोमाची, गासीची बायको," ती म्हणाली. शब्द एकेक सुटा येत होता. "वालुमेच्या आणि सिरेमुखाच्या बायांनो, माझ्या हातची पिशवी आजच उतरवा. ती ओली झाली, की खोटं बोलते. माझा माणूस तिच्यामुळे गेला. माझ्या मुलाने काही केलेलं नाही. हे सगळ्यांनी ऐका. त्याने काही केलेलं नाही."

कर्णा खरखरला. मग वालुमेहून एका बाईचा आवाज आला. "ऐकलं, ताई. उतरवतो." पाठोपाठ सिरेमुखही तेच बोललं. तामोने उद्याच्या विमानासाठी वारा कसा बघायचा, कुठली झाडं आणि कुठला धूर, ते वालुमेला नीट समजावलं आणि दोनदा वदवून घेतलं.

योवाले बाहेर आली तेव्हा सेलियो उन्हात तसाच उभा होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचं डोकं त्याच्या छातीपर्यंतच पोचत होतं.

"एकोणीस दिवस तू हे एकट्याने पोटात ठेवलंस," ती म्हणाली. "बापासाठी रडलास तरी का?"

"कुठे रडणार? तू आत येऊ दिलं नाहीस."

योवालेने त्याची एक कुबडी काढून घेतली आणि तिच्या जागी आपला खांदा दिला. दोघं हळूहळू उंबरा चढले. आतल्या बायकांनी सरकून मधोमध जागा केली. या खोऱ्यात मेलेल्याचं नाव घेऊन रडत नाहीत, त्याच्याबरोबर जिथे जिथे चाललो, त्या जागांची नावं घेत रडतात. कोहू बाहेर ओंडक्यावर बसून ऐकत होता. सेलियोने गासीबरोबरची पायवाट म्हटली, मासे धरायचा ओढा म्हटला, साबुदाण्याच्या ताडांचं बन म्हटलं, आणि प्रत्येक जागेनंतर आईचा आवाज त्याच्या आवाजात मिसळला. मग तो अडखळला. पुढची जागा त्याच्याने म्हणवेना.

ती योवालेने म्हटली. "तुझ्या शेजारची सीट," ती म्हणाली, आणि मग माय-लेक एकदमच रडले.